मफलर आपोआप रुंद होत चाललाय, टाके वाढतात कुठून?

पहिली_सुई
नमस्कार मंडळी, विणायला नुकतीच शिकतेय, शिकवणारं जवळ कोणी नाही त्यामुळे व्हिडिओ बघून जमेल तसं चाललंय. सोपं म्हणून मफलर घेतला, फक्त सुलट टाके (विणायचा साधा पहिला टाका), जातानाही सुलट येतानाही सुलट. ४ एमएमच्या सुया, मध्यम जाडीची अ‍ॅक्रिलिक लोकर, ३० टाके घातले होते. हातभर झाल्यावर सहज मोजले तर ३७!! मी एकही टाका मुद्दाम वाढवलेला नाही, शप्पथ. उभा धरला की उलटा टांगलेला त्रिकोणी झेंडा वाटतो. शिवाय मधे एके ठिकाणी भोक आहे, करंगळी जाईल एवढं, ते कधी पडलं तेच कळलं नाही.
अजून एक, एक ओळ सुलट एक ओळ उलट असा छोटा तुकडा करून पाहिला तर तो चारी बाजूंनी गुंडाळतो, सरळ राहतच नाही, माझं काही चुकतंय का लोकर वाईट आहे?
आणि व्हिडिओत कोणी धागा उजव्या हाताने गुंडाळतं कोणी डाव्या बोटावर धरून नुसता उचलतं, नक्की बरोबर कुठलं? सगळं उसवायला सांगू नका प्लीज, जीव नाही होत.

टाके_मोजा
टाके वाढायच्या चोरवाटा दोन-तीनच आहेत आणि नव्या माणसाची ठरलेली वाट म्हणजे ओळीचा पहिला टाका. नीट वाच आणि सुई हातात घेऊनच वाच.
ओळ संपली, काम फिरवलंस, भरलेली सुई डाव्या हातात आली. चालू धागा, म्हणजे गोळ्याकडून येणारा, पहिल्या टाक्यातून लोंबतोय. सुलट विणायचं तर धागा मागे हवा एवढं आपल्याला माहीत असतं, म्हणून आपण तो सुईच्या वरून मागे टाकतो आणि वर ताणतो. झालं! तो टाका वर खेचला जातो आणि त्याच्या खालच्या टाक्याचे दोन्ही पाय (फासाच्या दोन बाजूंचे दोरे) सुईवर येऊन बसतात, दिसायला अगदी दोन टाके. आपण इमानदारीत दोन्ही विणतो. एक वाढला.
फिरवल्यावर धागा आधी समोरच्या बाजूने खाली ओढ, बोटाने हलका ताण दे, सुईवर पहिल्या टाक्याचा एकच फास दिसला पाहिजे. मग धागा सुईच्या टोकाखालून मागे ने. वरून नाही, खालून. एवढंच.
तुझी रुंदी दोन्ही कडांनी हळूहळू वाढली असेल तर ९९ टक्के हेच. खात्री करायची तर कडेजवळ बघ, जिथे वाढ झालीय तिथे कडेची वीण जरा फुगीर आणि ढिली दिसेल.

उसवाउसवी
वरचं बरोबर आहे पण भोक त्याने पडत नाही. भोक म्हणजे धागा सुईवरून एक फालतू वेढा घेऊन गेलाय. सुलट विणताना धागा चुकून पुढे आला, तिथूनच सुईवरून मागे नेऊन पुढचा टाका विणलास की सुईवर एक आडवा फास जादा पडतो, पुढच्या ओळीत तो टाका म्हणून विणला जातो आणि खाली भोक राहतं. जाळीचं डिझाइन करताना हेच मुद्दाम करतात, फक्त तिथे शेजारी दोन टाके एकत्र विणून हिशोब जुळवतात. तुझं डिझाइन फुकटात झालंय 😄

आता अजून एक शक्यता. ओळीच्या मधेच काम खाली ठेवून उठली होतीस का? मधे थांबलो आणि परत आल्यावर सुया उलट्या हातात घेतल्या की आपण आलो तिकडेच परत विणत जातो. अशावेळी टाके वाढत नाहीत पण तिथे भोक पडतं आणि मफलरची एक बाजू दोन ओळींनी लांब होते. नियम सोपा आहे, चालू धागा ज्या सुईवरून निघतोय ती सुई उजव्या हातात. तुझं भोक कुठल्या प्रकारचं ते बघायचं असेल तर भोकाच्या डावीकडच्या आणि उजवीकडच्या दाण्यांच्या रांगा मोज. सगळं सुलट विणलं की दोन ओळींची मिळून एक उठावाची रांग दिसते. दोन्हीकडे सारख्या भरल्या तर फालतू वेढा, एकीकडे एक रांग जास्त भरली तर उलटं फिरणं.

गुंता_सोडवणारी
गुंडाळणाऱ्या तुकड्याबद्दल. लोकर चांगली आहे आणि तुझंही काही चुकलेलं नाही, ती वीणच तशी आहे. सुलट टाका म्हणजे एक फास दुसऱ्या फासातून पुढे ओढलेला, त्याची पुढची बाजू व्ही आकाराची आणि मागची दाण्याची. उलट टाका म्हणजे हाच, मागून बघितलेला. एका बाजूला सगळे व्ही आणि दुसऱ्या बाजूला सगळे दाणे आले की दोन बाजूंचा ताण वेगवेगळा पडतो. म्हणून उभ्या कडा मागे दाण्यांकडे वळतात आणि वरखालच्या कडा पुढे व्हीकडे वळतात. दोन्ही बाजूंनी सुलट विणलं, किंवा दोन सुलट दोन उलट असं बॉर्डरचं विणलं तर दोन्ही अंगाला दोन्ही प्रकार येतात, ताण आपसात फिटतो आणि काम सपाट राहतं. म्हणूनच स्वेटरच्या खाली आणि मनगटाला बॉर्डर असते, नुसती शोभा नाही ती.
एक ओळ सुलट एक उलट अशा गुळगुळीत विणीचाच मफलर हवा असेल तर दोन्ही कडांना ४-५ टाके कायम सुलट ठेव आणि सुरुवात-शेवटच्या काही ओळी पूर्ण सुलट. तरी थोडा वळेलच, खोटं कशाला सांगू. आणि सपाट करायला अ‍ॅक्रिलिकवर गरम इस्त्री अजिबात टेकवू नकोस. एकदा जास्त उष्णता बसली की त्याची उसळी कायमची जाते, लुळं पडतं, मग ते परत कधीच सावरत नाही. लोकर खरी असती तर ओली करून टाचण्या लावून वाळवता आली असती आणि तो आकार पुढच्या धुण्यापर्यंत टिकला असता.

आडवे_उभे
हात कुठला यावर लोक उगाच भांडतात. धागा उजव्या हातात धरून गुंडाळा नाहीतर डाव्या बोटावर ठेवून सुईने ओढून घ्या, तयार होणारा टाका तोच. डाव्या बोटाची पद्धत हलका हात झाला की वेगात जाते, क्रोशा येणाऱ्यांना ती लगेच जमते कारण धागा तसाच धरायची सवय असते. उजव्या हाताची नव्याला समजायला सोपी, प्रत्येक वेढा डोळ्यासमोर होतो.
पण एक व्हिडिओ धर आणि त्यालाच चिकट. कारण व्हिडिओतली बाई बदलली की उलट टाक्याला धागा गुंडाळायची दिशाही बदलू शकते आणि तिथे खरी गोची आहे. सुईवर बसलेल्या फासाकडे बघ, त्याला दोन पाय असतात, एक सुईच्या पुढे एक मागे. नेहमीच्या पद्धतीत उजवा पाय पुढे असतो आणि आपण त्याच पुढच्या पायात सुई घालतो. धागा उलट दिशेने गुंडाळला गेला की पुढच्या ओळीत डावा पाय पुढे येतो. तरीही पुढूनच सुई घातलीस तर टाका पिळला जातो, खाली व्ही न दिसता पाय एकमेकांवर चढलेले दिसतात आणि वीण आवळून येते. काही लोक मुद्दाम तशीच उलटी ओळ विणतात पण मग सुलट ओळीत मागच्या पायातून विणतात, त्यांचं काही पिळत नाही. म्हणजे पद्धती सगळ्या बरोबर, अर्धी हिची अर्धी तिची केली की वाट.

पहिली_सुई
बापरे एवढं सगळं! थँक्यू सगळ्यांना. बसून बघितलं. कडेचंच आहे, दोन्हीकडे मिळून सहा फुगीर जागा सापडल्या आणि भोकाच्या दोन्ही अंगाला रांगा सारख्या भरल्या, म्हणजे तो फालतू वेढा. ६ + १ = ७, हिशोब लागला. धागा वरूनच मागे नेत होते मी, आता समोरून खाली ओढून बघितलं तर खरंच एकच फास दिसतो.
आता पुढे काय करू? ३७ चे ३० कसे करू न उसवता?

टाके_मोजा
सरळ उसव. खोटे टाके भरलेला मफलर पुढे कितीही विणलास तरी तिरकाच दिसणार, आणि तुला जे शिकायचंय ते पुढच्या ओळीत आहे तसंच मागच्यातही आहे. अ‍ॅक्रिलिकला दोनदा-तीनदा उसवून काहीही होत नाही. आणि आता प्रत्येक ओळीनंतर टाके मोज, नावच माझं ते आहे 😄

उसवाउसवी
आयडी माझा उसवाउसवी पण मी म्हणेन पूर्ण उसवू नकोस 🙏 आधी भोकवाला टाका दुरुस्त करून बघ, यातून जे कळेल ते उसवून कळणार नाही.
भोकाच्या बरोबर वर सुईवर जो टाका आहे तो शोध, भोकापासून उभ्या रेषेत बोट फिरवत वर ये. तो एक टाका सुईवरून काढ आणि खाली सोड. शेजारचे धरून ठेव. तो शिडीसारखा एकेक ओळ सुटत खाली जाईल आणि भोकापाशी आपोआप थांबेल, कारण त्याच्या खाली टाकाच नव्हता, तिथूनच जन्मला होता तो. मग आडव्या ढिल्या दोऱ्या राहतील, त्या आजूबाजूच्या टाक्यांत सुईच्या टोकाने थोड्या थोड्या वाटून घे आणि कापड आडवं उभं ताण. धुतल्यावर तर कळणारही नाही कुठे होतं. ३६ झाले.
कडेच्या सहांना हे नीट नाही होत, कडा लोंबते. तिथे दोनच मार्ग, एकतर पहिल्या फुगीर जागेपर्यंत उसव, नाहीतर पुढच्या ओळींत कडेपासून एक टाका सोडून दोन एकत्र विणत विणत सहा कमी कर. दुसऱ्या मार्गाने मधे पोट आलेला मफलर होईल, गळ्यात गुंडाळल्यावर कोण बघतंय.

टाके_मोजा
ती बघेल ना. रोज.

गुंता_सोडवणारी
दोघींचंही ऐकून माझं मत, शिडी उतरवायचा प्रयोग आधी कर आणि मग पहिल्या फुगीर जागेपर्यंत उसव. पण एकदम सुई ओढून काढून उसवू नकोस, नवीन माणसाला ते फास परत सुईवर घेता येत नाहीत आणि मग चिडून सगळंच संपवून टाकतो आपण. जिथे थांबायचंय त्या ओळीत आधी एक बारीक सुई ओवून घे. एकाच ओळीतल्या प्रत्येक टाक्याचा उजवा पाय सुईवर घेत जायचा, डावा मागे राहू द्यायचा. सगळ्या सुलट विणीत ओळ ओळखायला जरा त्रास होतो, दोन उठावाच्या रांगांच्या मधे जी खोलगट पट्टी दिसते तिथे काम ताणून बघ, लहान लहान व्ही दिसतील, तेच घ्यायचे. ३० मिळाले का मोज. मग वरचं बिनधास्त उसव, धागा त्या सुईपाशी येऊन थांबेल.
आणि पुढच्या वेळी आधीच सोय करून ठेव. दर काही इंचांनी एखाद्या बरोबर असलेल्या ओळीतून वेगळ्या रंगाचा गुळगुळीत शिवणाचा दोरा सगळ्या टाक्यांतून ओवून तसाच सोडून द्यायचा. पुढे काही बिघडलं तर उसवून तिथपर्यंतच. काम झालं की दोरा ओढून काढायचा. जाळीचं विणणारे लोक याच्याशिवाय बसत नाहीत.

आडवे_उभे
प्रत्येक ओळीला मोजणं मला तरी जाच वाटतो. त्यापेक्षा दर १० टाक्यांनंतर सुईवर दुसऱ्या रंगाच्या लोकरीचा एक सैल गाठीचा फास अडकव, विणताना तो डावीकडून उजवीकडे नुसता सरकवायचा. ३० टाक्यांत दोन फास, तीन खण. कुठल्या खणात ११ झाले ते लगेच दिसतं, आणि मुख्य म्हणजे गडबड कडेच्या खणात झाली का मधल्या ते कळतं.
अजून एक, लोकर कुठल्या रंगाची आहे? काळी किंवा गडद निळी असेल तर ती बाजूला ठेव, फिकट एकरंगी घे. टाक्याचे पाय दिसलेच नाहीत तर वरचे सगळे सल्ले वाया. आणि सुया स्टीलच्या असतील आणि टाके सारखे घसरत असतील तर लाकडी किंवा बांबूच्या बघ, त्यावर लोकर जरा धरून राहते.

डावखुरा_विणकर
मधेच घुसतोय, माफ करा. मी डावखुरा आहे, सगळे व्हिडिओ आरशात बघून शिकावं का? एकाने तसं सांगितलं.

गुंता_सोडवणारी
नको दादा, आधी सरळच शिकून बघा. यात दोन्ही हात कामाला असतात, धागा डाव्या बोटावर धरायची जी पद्धत आहे त्यात तर डाव्या हाताला भरपूर काम. आरशातलं शिकलात तर लिहिलेला प्रत्येक नमुना उलटा करून वाचावा लागतो, डावीकडे झुकणारी घट (टाके कमी केल्याची जागा) उजवीकडे झुकते, नमुन्याचा तक्ता दुसऱ्या टोकाकडून वाचायचा. ज्यांना सरळ जमतच नाही ते करतात तसं आणि छान करतात, पण सुरुवात तिथून नको.

पहिली_सुई
रंग मरून आहे, गडद. आता कळलं दिव्याखाली डोळे का फुटत होते. शिडीचा प्रयोग केला!! टाका सोडताना हात थरथरत होता पण तो खरंच भोकापाशी जाऊन थांबला, अगदी सांगितल्यासारखा. दोऱ्या वाटून घेतल्या, आता ती जागा शोधावी लागते. मग बारीक सुई ओवून उसवलं, पहिल्यांदा २९ च आले, एक टाका घरंगळला होता, तो क्रोशाच्या सुईने खालच्या फासातून एकेक दोरी ओढत वर आणला. ३० आहेत आता आणि दोन ठिकाणी रंगीत फास पण लावलेत.
पुढचा गोंधळ, सुयांच्या पाकिटावर नुसता ८ लिहिलंय आणि व्हिडिओवाली बाई पण ८ नंबर म्हणते पण तिच्या सुया जाड दिसतात. मी म्हणते ४ एमएम ते मी पट्टीवर अंदाजे मोजलं.

आडवे_उभे
अंदाज बरोबर आहे तुझा. नंबरांच्या दोन पद्धती आहेत आणि त्या एकमेकींच्या उलट चालतात. जुन्या ब्रिटिश नंबरात आकडा मोठा तेवढी सुई बारीक, ८ म्हणजे ४ एमएम आणि १० म्हणजे ३.२५ एमएम. अमेरिकन नंबरात आकडा मोठा तेवढी सुई जाड, ८ म्हणजे ५ एमएम, १० म्हणजे ६ एमएम. तुझी बाई अमेरिकन ८ वर विणतेय. म्हणून नंबर सोडून दे, एमएम विचार आणि एमएमच सांग.
लोकरीच्या गोळ्यावरच्या कागदी पट्टीवर पण बघ, सहसा एक चौकोन काढलेला असतो आणि त्यावर टाके आणि ओळी. तुझ्या जाडीच्या लोकरीला साधारण ४ एमएम सुईवर १० सेंमीमध्ये २२ टाके असं काहीतरी लिहिलेलं असतं, ते एक ओळ सुलट एक ओळ उलट अशा विणीचं माप. त्या हिशोबाने ३० टाके म्हणजे जेमतेम १४ सेंमी, मफलरला चालेल. तुझा हात घट्ट असेल तर तेवढ्याच टाक्यांत काम अरुंद होईल, मग टाके बदलत बसू नकोस, सुई अर्ध्या एमएमने जाड घे.

टाके_मोजा
मरून सोडून फिकट लोकर घ्यायला निघालीस तर पूर्ण मफलरला लागेल तेवढी एकदमच घे आणि सगळ्या गोळ्यांच्या पट्टीवरचा लॉट नंबर (एकदम रंगवलेल्या मालाचा नंबर) एकच आहे ना बघ. रंगाचं नाव तेच असलं तरी वेगळ्या लॉटचा रंग किंचित वेगळा येतो, हातात कळत नाही, विणल्यावर आडवी पट्टी दिसते.

पहिली_सुई
हा मरूनच संपवणार आता, एवढं केलंय तर. लॉट बघितला, एकच आहे. शेवटचा प्रश्न, पहिला गोळा संपत आलाय, दुसरा जोडायचा कसा? एका व्हिडिओत दोन्ही टोकं ओली करून तळहातावर चोळून चिकटवली, मी केलं तर नुसतं ओलं झालं.

उसवाउसवी
ते खऱ्या लोकरीचं काम आहे. मेंढीच्या केसावर बारीक खवले असतात, ओलावा, ऊब आणि घासणं मिळालं की ते एकमेकांत अडकून घट्ट बसतात. अ‍ॅक्रिलिकला खवलेच नाहीत, तू दिवसभर चोळलंस तरी जुळणार नाही. मशीनमधे धुता येईल अशी प्रक्रिया केलेली लोकर पण नाही चिकटत.
तू असं कर, ओळीच्या अधेमधे धागा संपू देऊ नकोस. शिल्लक धागा मफलरच्या रुंदीच्या चौपट तरी आहे का बघ, नसेल तर ती ओळ सुरूच करू नको. नव्या ओळीचा पहिला टाका सरळ नव्या गोळ्याने विण, जुनं आणि नवं दोन्ही टोकं वीतभर लोंबू दे. गाठ मारू नकोस, पहिले काही टाके ढिले वाटतील तेव्हा दोन्ही टोकांची तात्पुरती एक सैल अढी, म्हणजे सहज सुटेल असा वेढा, घाल. मफलर पूर्ण झाला की अढी सोडायची आणि बोथट टोकाच्या जाड सुईत एकेक टोक ओवून कडेलगतच्या दाण्यांमधून आधी एका दिशेने आणि मग थोडं परत फिरून लपवायचं. अगदी कडेला चिकटून कापू नकोस, अ‍ॅक्रिलिक घसरतं, अर्धा इंच तरी आत जाऊ दे.